पहिल्या हारीचं भांडण

भाऊजी,

तुमचं म्हणणं, पहिल्या हारीला भ्यायचं नसतं. माझं म्हणणं, भ्यायचं तर पहिल्याच हारीला, पुढे भ्यायला वेळ कुठे असतो. हे भांडण तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. घरात आता भांडायला कोणी नाही, म्हणून लिहून पुरं करते. महाडच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहिता येतं. तुम्ही म्हणायचात, वैनीचं अक्षर चांगलं, बोलणं वाईट.

मला अजून रडू आलेलं नाही. बायका येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि कंटाळून उठून जातात. मला दुःख झालंय की नाही तेही मला सांगता येणार नाही. हात कामं करतात. म्हैस दूध देते. जेवताना तुमचं ताट मांडलं जातं, मग उचलते. एवढंच आहे सध्या.

गिरणी सोडून तुम्ही आलात ते खोकला आणि एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत दोन धोतरं, सदरे आणि खाली काहीतरी चपटं, तपकिरी. मला वाटलं वहाणेचं कातडं. तुम्ही म्हणालात, "वैनी, फुटबॉल हाय तो. हवा काढलीय. गिरणीच्या टीममध्ये खेळलो ना, येताना पोरांनी दिला." तुमचे दादा त्या वर्षीच गेले होते. तुमची बायको तर पहिल्या बाळंतपणातच गेलेली. माझा मुलगा मुंबईला. मला वाटलं, बरं झालं, शेताला पुरुष माणूस आला. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सायकलचा पंप मागायला गावभर फिरलात.

आणि मग तुम्ही माझं लांबट घेतलंत.

नदीकाठचं आपलं लांबट शेत. भात निघालं की त्यात ओल राहते, त्या ओलीवर वाल होतात. वरच्या शेतांत होत नाहीत, तिथे मार्गशीर्षातच माती फुटते. लांबटातले वाल आमच्या सासूबाई माहेरवाशिणींना बांधून द्यायच्या. तेच लांबट तुम्हाला सपाट दिसलं. भात निघालं की पोरांना घेऊन तुम्ही धसकटं ठोकायचात, दोन्ही टोकांना वासे रोवायचात, आणि शिमग्यापर्यंत तिथे धूळ. पावसाळ्यात बिरड्याला वाल मी महाडच्या दुकानातून विकत आणले. शेतकऱ्याच्या घरातली बाई दुकानात वाल मागते. दुकानदाराने विचारलं होतं, "काय काकी, यंदा पिकले नाय?" मी म्हटलं, "पिकले. त्यांच्यावर पोरं नाचली."

हे मी तुम्हाला दर वर्षी ऐकवलं. दर वर्षी तुम्ही हसलात. पण एक सांगते. तुमचे दादा गेल्यावर माझ्याशी कोणी भांडेनासं झालं होतं. भावकीतले पुरुष मला एकतर सांगायचे, नाहीतर कीव करायचे. तुम्ही भांडलात. शेत कोणाचं, वाल कोणाचे, चूक कोणाची, भाकरी थापता थापता मी ओरडायचे आणि ओटीवरून तुम्ही ओरडायचात. मला ते बरं वाटायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुम्ही भांडायचे थांबला असतात.

तुमच्या टीमबद्दल मला काही कळत नाही, पण गावाचं मला कळतं. अकरा माणसं तुम्ही गावकीत बसून निवडलीत. शिमग्याला पालखीचे खांदे ठरतात तशीच ती ठरली. ज्या भावकीची घरं जास्त, तिची पोरं जास्त. म्हणून आपले पाच. गोलाचे वासे पाटलांच्या बांबूच्या बेटातले, म्हणून गोलात उभं राहायचा मान पाटलांचा. एकदा मान दिला की दिला, तो मुलाकडे जातो, पुतण्याकडे जातो, खेळता येणाऱ्याकडे जात नाही. पाटलांचा सखाराम पांढरा सदरा घालून, तेल लावून भांग पाडून गोलात उभा राहायचा. चेंडू अंगावर आला तर धरायचा. बाजूने गेला तर मान वळवून बघायचा, जसं वरातीकडे बघावं.

एकदा तुम्ही घरी येऊन त्याची नक्कल केलीत. "मी म्हटलं, सख्या, अरे झेप घे, लोळ! तर म्हणतो, काका, मानाची जागा हाय ही, लोळायचं कसं?"

मी म्हटलं, "काढा त्याला."

"वैनी, काढायचा नसतो. तो आपला येईल वळणावर."

"मान वळवतोय तेवढं पुरे."

तुम्ही खोकून खोकून हसलात. तेव्हा तो खोकला हसण्याचाच वाटला मला.

यंदा कापणीच्या वेळी मी ठरवलं होतं, लांबट सोडायचं नाही. बांधावर बसून भाकरी खाताना तुम्हाला म्हटलं, "भाऊजी, यंदा वाल." तुम्ही कांदा फोडत होतात. म्हणालात, "बरं. पहिली मॅच हरलो तर लांबट तुमचं. जिंकलो तर शिमग्यापर्यंत बोलायचं नाय." तुम्ही एवढं सहज का बोललात ते मला माहीत होतं. पहिली मॅच कायम पलीकडच्या वाडीशी असायची आणि ते कायम हरायचे. पण यंदा चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिलीच पोलादपूरशी निघाली. तुम्ही शब्द मागे घेतला नाहीत. मीही घेऊ दिला नसता.

मॅच बघायला मी कधीच आले नाही. खळ्यावर बसून आवाज ऐकायचे. आपली माणसं घराकडच्या बांधावर बसतात, पाहुणे नदीकडच्या. त्यामुळे गोल कोणाचा ते आवाज जवळून आला की लांबून त्यावरून कळायचं. त्या दिवशी लांबचाच आवाज येत राहिला. मी भात वारवत होते. चौथ्यांदा लांबून आवाज आला तेव्हा सूप खाली ठेवलं आणि बियाण्याचे वाल निवडायला घेतले.

तुम्ही आलात, पाय धुतलेत.

"हरलात?"

"हरलो."

"किती?"

"चार."

"आपले?"

"आपला एक झाला असता."

"झाला असता म्हणजे नाय झाला."

"वाशाला लागला ना, वैनी. वाशाला लागून बाहेर गेला. टीम वाईट नाय, सांगतो तुम्हाला. पहिली मॅच हाय. अंग मोकळं व्हायचंय पोरांचं. कोणी घाबरायचं कारण नाय."

घाबरलं कोणी नव्हतंच. तुम्ही स्वतःशी बोलत होतात.

सकाळी मी पहार आणि बियाणं घेऊन लांबटात गेले तर तुम्ही आधीच तिथे. कानाला मफलर, हातात काही नाही. ग्राउंडाच्या मधोमध उभे.

"वैनी, आणखी एक मॅच द्या."

"ओल देईल का?"

"आठ दिवस."

"आठ दिवसांनी हितं पहार मारली तर ठिणगी पडेल. ओल तुमच्या टीमसाठी थांबत नाय."

मग तुम्ही ते बांधाचं बोललात. ते मला नीट आठवतं, कारण मला ते पटलं होतं आणि पटलेलं मला आवडत नाही. तुम्ही म्हणालात, "आपण भाताला बांध घालतो. कच्चा कुठं राहिलाय ते कधी कळतं? पहिल्या पाण्याला. तिथं फुटला तर बरंच, नाय का? नीट करता येतो. पहिलं पाणी जिरवून भर श्रावणात फुटला तर लावणी वाहून जाते. तशी ही हार. पहिल्या पाण्याची."

मी म्हटलं, "आणि बांध फुटला की मी काय करते? पदर खोचते आणि त्याच वेळी चिखल भरते. दुसऱ्या पाण्याची वाट बघत बसत नाय. तुम्ही चिखल कुठं भरलात? सख्या अजून गोलातच हाय."

तुम्हाला उत्तर सुचत होतं, दिसत होतं मला. पण खोकला आधी आला.

थुंकीत पहिल्यांदा तांबडं दिसलं होतं तेव्हाही तुम्ही असंच बोलला होतात. "एकदा दिसलं म्हणून काय झालं." मी ओढून महाडला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कापसाचं विचारलं, गिरणीत कुठल्या खात्यात होतात ते विचारलं, बाटली दिली, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. बाटली तुम्ही अर्धी प्यायलात, तांबडं थांबलं, म्हणालात झालं. मुंबईला गेला नाहीत, कारण भात निघालं होतं आणि पोरांची प्रॅक्टिस होती. मी किती बोलले. तेव्हाही आपलं हेच भांडण होतं, फक्त त्यात फुटबॉल नव्हता.

खोकला थांबल्यावर तुम्ही माझ्या हातातली पहार घेतलीत. म्हणालात, "शब्द दिलाय तर पेरू." तुम्ही भोकं पाडत पुढे, मी मागून वाल टाकत, पायाने माती सारत. नदीकडून सुरुवात केली. तुम्हाला शेतीचं काम धड कधी आलं नाही. पहिल्या ओळींत पहार इतकी खोल मारलीत की मी म्हटलं, वाल लावताय की वासे रोवताय. तुम्ही म्हणालात, "वैनी, जोर हाय अजून अंगात." मग तो जोर उतरत गेला. भोकं उथळ व्हायला लागली. मी वाल टाकत राहिले. बरोब्बर मधोमध, जिथून चेंडू सुरू करता तिथे आल्यावर तुम्ही पहार टेकवलीत आणि खाली बसलात.

"हितपर्यंत," तुम्ही म्हणालात. "राहिलेलं अर्धं दुसऱ्या मॅचनंतर बघू."

मी कनवटीला बियाणं बांधलं आणि घरी चला म्हटलं.

तुम्हाला वाटलं मी ऐकलं. घरी येऊन अंथरुणावर पडलात ते उठलाच नाहीत, पण तोंडावर ते अर्धं शेत जिंकल्याचं दिसत होतं. चुलतभाऊ बघायला आले तर त्यांनाही सांगितलंत, "अर्धं लांबट राखलं मी वैनीकडून. वैनीकडून, बरं का!" ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हो, राखलं.

भाऊजी, मी थांबले ती तुमच्यासाठी नव्हे, मॅचसाठी तर नव्हेच. तुमचे ओठ निळे पडले होते. आणखी एक ओळ झाली असती तर तुम्हाला उचलून आणायला माणसं बोलवावी लागली असती. म्हणून थांबले. हे तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं असं नाही. माणूस अंथरुणावर आहे, खूश आहे, असू दे. पण आता भांडण पुरं करायला बसले आहे तर हिशेब सरळ असावा. ते अर्धं तुम्ही राखलेलं नाही.

तुम्ही गेलात आणि पाठोपाठ दुसरी मॅच आली, पोलादपूरपलीकडच्या गावाशी, त्यांच्या ग्राउंडावर. सुतक फिटलं नव्हतं. माझा मुलगा मुंबईहून येऊन क्रियेला बसला होता. टीममधले आपले पाचही भावकीतले, पाचांनाही सुतक. आदल्या संध्याकाळी चुलतभावाचा गोपाळ, तुमचा कॅप्टन, बाकीच्यांना घेऊन अंगणात आला. माना खाली.

"काकी, आम्ही कळवतो त्यांना. येत नाय म्हणून."

"का?"

"सुतक हाय ना."

"मग?"

गोपाळच्या बापाने ओटीवरून सांगितलं, "अगो, सुतकात खेळ असतो का? लोक शेण घालतील तोंडात."

मी म्हटलं, "सुतकात देवळात जायचं नाय. पालखीला हात लावायचा नाय. गोडधोड करायचं नाय. बरोबर? मग सकाळी म्हशी कोणी सोडल्या? शेण कोणी काढलं? भात कोणी भरलं? तेव्हा नाय आडवं आलं सुतक?"

"ते काम हाय, गो. हा खेळ."

"त्यांना विचारलं असतंत तर हे काम हाय म्हणाले असते. आणि चेंडू कातड्याचा. सुतक नसताना तरी तो देवळाच्या पायरीवर चढतो का? ज्याला देवाकडे जायचंच नाय त्याला सुतक कसलं?"

कोणी हसलं नाही. गोपाळचा बाप तंबाखू मळत राहिला. भटजींना विचारावं असं कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "विचारा. पण मॅच झाल्यावर विचारा."

गोपाळ तिथेच उभा. म्हणाला, "काकी, हरलो तर? पयली हरलो, आता काका नाय. हीपण हरलो तर संपलंच. लोक म्हणतील सुतक मोडलं म्हणून हरले."

"म्हणतील. न जाता घरी बसलात तर काय म्हणतील?"

ते गेले. मी तुमच्यासाठी पाठवलं असं समजू नका. मला त्या दिवशी अंगणात कोणी नको होतं.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला गोपाळ आला. गुडघे फुटलेले. उंबऱ्याबाहेर बसला.

"काकी, बरोबरी झाली."

"म्हणजे काय?"

"त्यांचा एक, आपला एक."

"म्हणजे हरलो नाय."

"नाय."

"जिंकलो?"

"तेपण नाय."

मी त्याला पाणी दिलं. त्याने सांगितलं, सखाराम लोळला. कोणी सांगितलं नाही, कोणी ओरडलं नाही, ओरडणारे तुम्हीच नव्हतात. चेंडू बाजूने चालला होता आणि सखाराम एकदम आडवा पडला, सदरा फाटला, कोपर सोललं, चेंडू हातात. मग उठला आणि म्हणाला, "बघता काय? मार पुढं!" नंतर तो आणखी दोनदा लोळला. एक मात्र सुटला.

म्हणजे सखारामच्या बाबतीत तुमचं खरं झालं. तो आपला वळणावर आला. मी त्याला काढा म्हणत होते. हे मान्य करते. पण तुमच्या छातीच्या बाबतीत माझं खरं होतं, तेही तुम्ही मान्य करायला हवं होतं, आणि तुम्ही त्याआधीच गेलात. मग आपल्या दोघांत जिंकलं कोण? गोपाळ म्हणाला तसं. बरोबरी. मला बरोबरी आवडत नाही. तिचं काय करायचं ते कळत नाही.

तुमचा शब्द होता, राहिलेलं अर्धं दुसऱ्या मॅचनंतर बघू. सुतक फिटल्यावर मी लांबटात गेले. राहिलेल्या अर्ध्यात पहार मारली. वर आली ती कोरडी. मूठभर माती घेतली, दाबली, बोटं उघडली तर सुटून गेली. आता तिथे काही उगवणार नाही. ते यंदा ग्राउंडच.

पेरलेल्या अर्ध्यात वाल वर आलेत. नदीकडचे, जिथे तुम्ही जोर लावलात, ते अजून मातीखाली चाचपडताहेत. मधल्या ओळीतले, तुमचा दम संपल्यावरचे, उथळ पडलेले, तेच आधी आले. दोन दोन पानं घेऊन उभे आहेत. मी बघितलं. घरी येऊन दूध तापवलं.

पोरं आता अर्ध्या ग्राउंडावर खेळतात, घराकडच्या एकाच गोलात. पलीकडचा गोल वालात उभा आहे. गोपाळ विचारायला आला होता, "काकी, चेंडू वालात गेला तर?"

"जाऊ दे. आणायला एकानेच जायचं. ओळींच्या मधून. एक रोप मोडलं तर चेंडू चुलीत घालीन."

"आणि तिसरी मॅच महाडला हाय. ती हरलो तर, काकी? तेव्हा तरी घाबरायचं का?"

भाऊजी, हे त्याने तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "पयली हरलात तेव्हाच घाबरायला हवं होतं. घाबरा, आणि सांजच्याला खेळायला या."

तो गेला. मग मला कळलं की पोरांवर भरवसा नाही, कोणीतरी बसायला हवं. म्हणून मी आता रोज संध्याकाळी बांधावर बसते. आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघते. अजून फारसं कळत नाही. काल सखाराम उभा राहून बघत होता तर माझ्या तोंडून ओरडणं निघालं, "लोळ, मेल्या!" पोरं खेळायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांना सांगितलं, माझ्याकडे बघू नका, मी वाल राखायला बसले आहे.